स्वतः बनवलेली ईमेल स्टेशनरी: मला सगळं दिसतंय, समोरच्याला फक्त रिकामे चौकोन

वेलबुट्टी

नमस्कार मंडळी. तांत्रिक विभागात पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या ठिकाणी पडला असेल तर हलवा.

आमचा एक छोटा वाचनगट आहे, त्याचं महिन्याचं पत्र मी ईमेलने पाठवते. साधं पांढऱ्यावर काळं पाठवायचा कंटाळा आला म्हणून लेटरहेडसारखी एक स्टेशनरी बनवली. म्हणजे एक एचटीएमएल फाइल, वर रंगीत पट्टा, त्यावर गटाचं नाव, डाव्या बाजूने खालपर्यंत उतरणारी वेल आणि उजव्या कोपऱ्यात गटाचं छोटं बोधचिन्ह. फाइल आणि चित्रं एकाच फोल्डरमध्ये आहेत. ब्राउझरमध्ये उघडली की इतकी छान दिसते की विचारू नका.

मेलसाठी थंडरबर्ड हा प्रोग्राम वापरते, विंडोजवर. नवीन मेल उघडायचा, इन्सर्टमधून एचटीएमएल घ्यायचं, सगळा कोड पेस्ट करायचा, मधे मजकूर लिहायचा आणि पाठवायचं, अशी पद्धत आहे. आता गंमत ऐका. वरचा पट्टा कधी जातो, कधी जात नाही. तीच फाइल, तोच कोड, तरी एका महिन्यात सगळ्यांना दिसला आणि पुढच्या महिन्यात कोणालाच नाही. वेल मला माझ्या सेंट फोल्डरमध्ये व्यवस्थित दिसते पण जीमेलवाल्यांना अजिबात दिसत नाही, वर त्यांना पत्र अर्धवटच मिळतं, खाली 'पूर्ण मेसेज बघा' अशी लिंक येते. आउटलूकवाल्यांना तर वेलही नाही नि काही नाही. बोधचिन्ह कोणालाच दिसत नाही, मला पण नाही, तिथे तुटलेल्या चित्राचा चौकोन येतो, पण त्याची लिंक ब्राउझरमध्ये टाकली तर उघडते!! मेलसाठी ते गूगल ड्राइव्हवर ठेवलंय, शेअरिंग 'लिंक असलेल्या कोणालाही' असं केलेलं आहे.

वेलीबद्दल आणखी एक. आधी वेल पण साधी फाइल म्हणूनच होती, ती दिसत नव्हती म्हणून कुठेतरी वाचून बेस-64 करून, म्हणजे चित्राची अक्षरं बनवून, कोडमध्येच घातली. त्यानंतर मला दिसायला लागली, बाकीच्यांना नाही ती नाहीच.

एचटीएमएल कामापुरतं येतं, फार नाही. कुणाला काही सुचतंय का?

निवांत

समोरच्यांना सांगा की सेटिंगमध्ये जाऊन इमेजेस अलाऊ करा. बहुतेक मेल प्रोग्राम चित्रं ब्लॉक करूनच ठेवतात. हाच घोळ असणार.

वेलबुट्टी

ते करून झालंय हो. दोघांनी 'शो इमेजेस' दाबून पाहिलं, काही फरक नाही. आणि महिन्याआड दिसणारा पट्टा त्यात कुठे बसतो?

खटपट्या

निवांतराव म्हणतात ते ब्लॉकिंग फक्त बाहेरून, म्हणजे इंटरनेटवरून यायच्या चित्रांना लागू होतं. इथे तो प्रश्न दिसत नाही. ताई, तुमच्या पत्रात तीन चित्रं आहेत आणि तिन्हींचं दुखणं वेगवेगळं आहे असं मला वाटतंय, म्हणून एकच उपाय करून बघितला की काहीच जुळत नाही.

मूळ गोष्ट अशी की एचटीएमएलमध्ये सहसा चित्र नसतंच, चित्र कुठे आहे त्याचा फक्त पत्ता असतो. ब्राउझरमध्ये तुमची फाइल छान दिसते कारण पत्ता तुमच्याच डिस्कवरचा आहे आणि चित्र तिथे बसलेलं आहे. मेल गेला की पत्ता जातो, चित्र मागे राहतं. त्यामुळे स्वतःच्या कॉम्प्युटरवर स्टेशनरी तपासून काही सिद्ध होत नाही, तिथे तर ती दिसणारच.

आता अंदाज बांधत बसण्यापेक्षा एक काम करा. सेंट फोल्डरमधलं शेवटचं पत्र उघडा आणि कंट्रोल यू दाबा. मेलचा सोर्स उघडेल, घाबरू नका, नुसता मजकूर आहे. त्यात एसआरसी शोधा, म्हणजे चित्राच्या आयएमजी टॅगच्या आतला पत्ता. तो कशाने सुरू होतो ते महत्त्वाचं. सीआयडीने सुरू होत असेल तर उत्तम, चित्र मेलच्या आतच गेलंय. एचटीटीपीएस असेल तर चित्र बाहेर कुठेतरी आहे, वाचणाऱ्याच्या मशीनने ते आणायचंय. 'फाइल' आणि पुढे तीन तिरप्या रेघा असतील तर तो तुमच्या सी ड्राइव्हचा पत्ता आहे, जगात दुसऱ्या कोणाला त्याचा उपयोग नाही. आणि 'डेटा' ने सुरू होऊन पुढे पानंच्या पानं अगम्य अक्षरं असतील तर ते तुमचं बेस-64.

तिन्ही चित्रांचं काय निघतं ते इथे लिहा. शक्य असेल तर ज्या महिन्यात पट्टा दिसला त्याचा आणि ज्या महिन्यात नाही दिसला त्याचा, दोन्हींचा सोर्स बघा.

अर्धविराम

+1 सोर्स बघण्याला. जीमेलवाल्या कोणाकडून बघायचं असेल तर तिथे तीन टिंबांच्या मेनूत 'शो ओरिजिनल' आहे. आउटलूकमध्ये मात्र 'व्ह्यू सोर्स' फक्त एचटीएमएल दाखवतं, मेलचा पूर्ण सांगाडा दाखवत नाही, त्यामुळे तिथून फार कळणार नाही.

वेलबुट्टी

बघितलं. डोळे फिरले पण बघितलं.

पट्टा: दिसला त्या महिन्याच्या पत्रात सीआयडी आणि पुढे 'पार्ट1' वगैरे काहीतरी लांबलचक. नाही दिसला त्यात फाइल, तीन रेघा, सी, यूजर्स असं माझ्या फोल्डरपर्यंत सगळं. म्हणजे माझ्या कॉम्प्युटरवरच्या फोल्डरांची नावं सगळ्या गटाला गेली, हे एक भलतंच.

वेल: ती आयएमजीमध्ये नाहीये, एका डिव्हच्या (पानावरच्या चौकटीच्या) स्टाइलमध्ये बॅकग्राउंड-इमेज म्हणून आहे, आणि डेटा. संपतच नाही, मी खाली सरकवत राहिले.

बोधचिन्ह: एचटीटीपीएस, ड्राइव्हची लिंक.

पण एकाच कोडने एकदा सीआयडी आणि एकदा फाइल असं कसं झालं?? मी काही बदललं नव्हतं, शपथेवर सांगते.

खटपट्या

तुम्ही कोड पेस्ट करता तेव्हा लिहायच्या खिडकीत खालच्या बाजूला एक पिवळसर पट्टी येते का? 'थंडरबर्डने या मेसेजमध्ये फाइल लोड होऊ दिली नाही, अनब्लॉक केलीत तर ती पाठवलेल्या मेसेजमध्ये जाईल' अशा अर्थाचं इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं असतं.

वेलबुट्टी

हो येते! मी कधी फुली मारते, कधी ते बटण दाबते, लक्षच दिलं नाही कधी. मला वाटलं नेहमीची सिक्युरिटीची सूचना आहे, असतेच कशावर ना कशावर.

खटपट्या

झालं तर मग, पट्ट्याचा उलगडा झाला. ज्या महिन्यात अनब्लॉक केलंत त्या महिन्यात थंडरबर्डने डिस्कवरची फाइल उचलून मेलमध्ये घातली आणि पत्ता बदलून सीआयडी केला. ज्या महिन्यात फुली मारलीत त्या महिन्यात नुसता पत्ता गेला. ती सूचना मुद्दाम ठेवलेली आहे, नाहीतर कोणीही तुम्हाला एखादा मेल पाठवेल ज्यात तुमच्या डिस्कवरच्या फाइलचा पत्ता लपवलेला असेल, तुम्ही त्याला उत्तर द्याल आणि ती फाइल उत्तराबरोबर गुपचूप निघून जाईल. म्हणून विचारल्याशिवाय ते डिस्कवरचं काही उचलत नाहीत.

फार जुन्या आउटलूक एक्सप्रेसमध्ये स्टेशनरी हा वेगळा प्रकारच होता, कॉमन फाइल्सखाली मायक्रोसॉफ्ट शेअर्डमध्ये स्टेशनरी नावाचं फोल्डर, त्यात एचटीएमएल नि चित्रं टाकायची, आणि ऑप्शन्समध्ये 'सेंड पिक्चर्स विथ मेसेजेस' ला टिक असली की चित्रं आपोआप जायची. नेटवर सापडणारे बरेचसे धडे त्या काळातले आहेत. ते वाचून आजच्या प्रोग्राममध्ये करायला गेलं की असं होतं.

आता वेल. आयएमजी टॅगमधलं डेटा असतं तर थंडरबर्डने पाठवताना त्याचं आपोआप सीआयडी केलं असतं. पण स्टाइलच्या आतलं, म्हणजे सीएसएसच्या (रंगरूप ठरवणाऱ्या कोडच्या) यूआरएलमधलं चित्र तो उचलत नाही, ते जसंच्या तसं डेटा म्हणून जातं. तुमचा थंडरबर्ड डेटा वाचतो म्हणून तुम्हाला सेंटमध्ये दिसतं. जीमेल डेटावालं चित्र दाखवतच नाही. आणि पत्र अर्धवट मिळण्याचं कारणही तेच: जीमेल साधारण 102 केबीपेक्षा मोठं एचटीएमएल कापतं आणि खाली ती 'पूर्ण मेसेज बघा' लिंक देतं. बेस-64 केलं की फाइल मुळापेक्षा तिसऱ्या हिश्श्याने फुगते, ती सगळी वेल तुम्ही एचटीएमएलच्या पोटात घातलीत. सीआयडीने चित्र गेलं तर ते पण बेस-64 होऊनच जातं, पण वेगळा भाग म्हणून जातं, एचटीएमएल लहानच राहतं, मग कापायचा प्रश्न नाही.

बोधचिन्हाचं सोपं आहे. ड्राइव्हची शेअर लिंक ही चित्राची लिंक नसते, चित्र दाखवणाऱ्या पानाची असते. ब्राउझरला पान चालतं. आयएमजी टॅगला नेमकी चित्राची फाइलच लागते, त्याच्या हातात पान दिलं की तो तुटलेला चौकोन दाखवतो. माझं ऐकाल तर ते चिन्ह वरच्या पट्ट्याच्या चित्रातच जोडून टाका, एक चित्र कमी.

टपालपेटी

खटपट्यांनी मस्त सांगितलंय. थोडी भर घालतो, कारण आमच्या ऑफिसात सगळे क्लासिक, म्हणजे जुन्या डेस्कटॉप आउटलूकवर आहेत आणि तिथली तऱ्हा आणखी निराळी.

आउटलूक 2007 पासून मेल दाखवायला वर्डचं इंजिन वापरतं, त्याआधी इंटरनेट एक्सप्लोररचं वापरायचं. वर्डला सीएसएसमधली बॅकग्राउंड-इमेज कळत नाही. त्यामुळे वेलबुट्टीताई, तुमची वेल डेटा असो, सीआयडी असो, नाहीतर चांगल्या सर्व्हरवर ठेवलेली असो, डिव्हच्या बॅकग्राउंडला असेल तर क्लासिक आउटलूकवाल्यांना दिसणार नाही. बॉडी टॅगला जुन्या पद्धतीने बॅकग्राउंड दिलं तर घेतं, पण मग फरशीसारखं ते चित्र सगळ्या पानभर लावत सुटतं, 'एकदाच दाखव' म्हटलेलं ऐकत नाही. एका बाजूची वेल असेल तर पत्रभर वेलीच वेली.

थंडरबर्डच्या फॉरमॅट मेनूत 'पेज कलर्स अँड बॅकग्राउंड' आहे, त्याने पण बॉडीलाच बॅकग्राउंड लागतं. जीमेल मात्र बॉडी टॅग काढून त्याजागी स्वतःचा डिव्ह टाकतं, तिथे ते बॅकग्राउंड गळून पडतं. थोडक्यात, पार्श्वभूमीच्या चित्रावर भिस्त ठेवायचीच नाही. चित्र आयएमजी टॅगमध्ये आणि सीआयडीने, याला सगळीकडे मान आहे. सीआयडी काही नवीन शोध नाही, 1998 च्या आरएफसी 2392 या इंटरनेटच्या नियमांच्या कागदात तो लिहिलेला आहे, म्हणून जुनेपाने प्रोग्रामही तो ओळखतात.

कोणी क्लासिक आउटलूकमधूनच स्टेशनरी पाठवत असेल आणि समोरच्याला लाल फुली आणि 'द लिंक्ड इमेज कॅनॉट बी डिस्प्लेड' येत असेल, तर पाठवणाऱ्याच्या मशीनवर रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जमध्ये) बघा: करंट यूजरखाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, ऑफिस, 16.0, आउटलूक, ऑप्शन्स, मेल. तिथे 'सेंड पिक्चर्स विथ डॉक्युमेंट' नावाची डीवर्ड (आकडी) व्हॅल्यू 1 हवी. शून्य असेल तर चित्र न जाता फक्त लिंक जाते. 16.0 हे आउटलूक 2016 आणि पुढच्यांसाठी, 2013 ला 15.0. रजिस्ट्रीला हात लावायच्या आधी एक्सपोर्ट करून ठेवा आणि बदलल्यावर आउटलूक बंद करून परत चालू करा.

निवांत

माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो, हे प्रकरण बरंच खोल आहे. पण एक विचारतो, चित्रं सगळी एखाद्या वेबसाइटवर ठेवून तिची लिंक दिली तर? मोठ्या कंपन्यांचे जाहिरातीचे मेल असेच येतात ना, ते तर सगळीकडे दिसतात.

टपालपेटी

चालतं की. थेट चित्राची लिंक असेल, कुठेही लॉगिन लागत नसेल तर जीमेलमध्ये आपोआप दिसतं, 2013 च्या डिसेंबरपासून ते चित्रं स्वतःच्या प्रॉक्सीमधून (मधल्या सर्व्हरमधून) आणून दाखवतात. पण थंडरबर्ड आणि आउटलूक बाहेरची चित्रं अडवतात, वाचणाऱ्याने बटण दाबल्याशिवाय दिसत नाहीत, कारण चित्र आणायला गेलं की चित्राच्या सर्व्हरला कळतं मेल उघडला म्हणून. जाहिरातवाल्यांना तेच तर हवं असतं. आपल्याला गटातल्या कोणी पत्र कधी उघडलं ते मोजायचंय थोडंच. शिवाय वेबसाइट बंद पडली की मागची सगळी पत्रं एका दिवसात बोडकी. हजारोंना पाठवायचं असेल तर लिंक ठीक आहे, एका वाचनगटाला आतच घालून पाठवा.

अर्धविराम

आत घालून पाठवण्याचा एक तोटा राहिला. काही मोबाइल ॲप्समध्ये सीआयडीची चित्रं अटॅचमेंट म्हणून पण खाली दिसतात, कागदपिनचं चिन्ह येतं, मग लोक विचारतात की पत्रासोबत काय जोडलंय. त्यात काही बिघडलेलं नसतं.

लिंकवाल्यांसाठी: सर्व्हर लिनक्सवर असेल तर फाइलच्या नावात लहान-मोठी अक्षरं वेगळी धरली जातात. कोडमध्ये शेवटी पीएनजी लहान अक्षरात आणि फाइलला कॅपिटलमध्ये असेल तर विंडोजवर दिसेल, तिथे दिसणार नाही. आणि नावात स्पेस देऊ नका.

वेलबुट्टी

बापरे, इतकं कोणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार.

कळलं असं: पट्टा आणि चिन्ह मिळून एक चित्र करायचं, आयएमजी टॅगमध्ये, सीआयडीने. पण वेलीचं काय करू? मला वेल हवीच आहे हो, गटातल्या एकीने हाताने काढलीय ती. आयएमजीमध्ये घालून डाव्या बाजूला उभी लावली तर चालेल का? म्हणजे टेबलाचे दोन कॉलम करून डावीकडे वेल, उजवीकडे मजकूर?

खटपट्या

दिसेल. पण उभ्या वेलीची गोची अशी की पत्राची लांबी दर महिन्याला वेगळी, आणि चित्राची उंची ठरलेली. पत्र लहान झालं तर मजकूर संपल्यावर वेल खाली लोंबत राहणार, मोठं झालं तर वेल मधेच संपणार आणि खाली मोकळा पांढरा पट्टा. पार्श्वभूमी असती तर तीच परत परत लावता आली असती, पण ती वाट बंद आहे. आणि फार उंच चित्र केलंत, 1728 पिक्सेलच्या वर, तर आउटलूक 2007 आणि 2010 त्याचा वरचा भाग कापतात. मोबाइलवर तर दोन कॉलममध्ये मजकुराला जागाच उरत नाही, एका ओळीत तीन शब्द.

म्हणून मी म्हणेन वेल आडवी करा. वर पट्ट्याच्या चित्रातच खाली तिचं एक टोक, आणि पत्राच्या शेवटी, सहीच्या खाली, दुसरं टोक. मधे मजकूर कितीही लांबू दे. बाजूला वेलीच्याच रंगाची रेघ हवी असेल तर ती चित्राने न करता टेबलाच्या सेलला डाव्या बाजूची बॉर्डर देऊन करा, चार-पाच पिक्सेलची, ती पत्राबरोबर आपोआप वाढते. हाताने काढलेली आहे म्हणता तर स्कॅन करून दोन तुकडे करायला कठीण नाही.

आता पद्धत. ही पेस्ट-अनब्लॉकची दर महिन्याची कटकट बंद करा. एकदाच नवीन मेल उघडा, टेबलाचा सांगाडा इन्सर्ट-एचटीएमएलने घाला, त्यात चित्रांचे टॅग ठेवूच नका. मग कर्सर वरच्या सेलमध्ये नेऊन इन्सर्ट, इमेज, फाइल निवडा. त्या खिडकीत 'अटॅच धिस इमेज टू द मेसेज' ला टिक आहे ना बघा. तिथेच खाली पर्यायी मजकूर लिहायचा रकाना आहे, तो रिकामा सोडू नका, गटाचं नाव लिहा, म्हणजे कोणाकडे चित्र नाही आलं तरी नाव दिसेल. तसंच खालच्या वेलीचं. मग फाइल मेनूतून सेव्ह ॲज टेम्प्लेट. पुढच्या महिन्यापासून टेम्प्लेट्स फोल्डरमधून त्याच्यावरूनच नवीन मेल उघडायचा. चित्रं टेम्प्लेटच्या आतच साठलेली असतात, डिस्कवरचं फोल्डर हलवलंत, नाव बदललंत, तरी फरक पडत नाही.

अजून एक बघून ठेवा, लिहायच्या खिडकीत ऑप्शन्समध्ये 'सेंडिंग फॉरमॅट' आहे. तिथे 'ओन्ली प्लेन टेक्स्ट' नसावं, नाहीतर एवढी मेहनत करून साधा मजकूरच जायचा.

आणि अक्षरांचा रंग. तुमचा पट्टा गडद असेल आणि त्यावर मजकूर पांढऱ्या अक्षरात टाइप केलेला असेल, तर पट्टा न आल्यावर पांढऱ्यावर पांढरं होतं, काहीच वाचता येत नाही. सेललाच बीजीकलर (पार्श्वभूमीचा रंग) देऊन ठेवा, तो सगळे प्रोग्राम पाळतात.

वेलबुट्टी

केलं सगळं! वेलीचे दोन भाग तिच्याकडूनच करून घेतले, उलट आता जास्त छान दिसतंय, आधी वेल मजकुराच्या अंगावर यायची. टेम्प्लेट केलं, पाच-सहा जणांना चाचणीचं पत्र पाठवलं, सोर्समध्ये दोन्हीकडे सीआयडी. जीमेलवर दिसलं, फोनवर दिसलं, पत्र कापलं गेलं नाही.

फक्त एक सभासद आहेत, जुन्या आउटलूकवर, त्यांना खालची वेल दिसते आणि वरचा पट्टा नाही. तिथे रिकामा चौकोन आणि आत गटाचं नाव. एकाच मेलमध्ये, दोन्ही सीआयडी, दोन्ही पीएनजी. हे काय आता?

अर्धविराम

पट्ट्याचं मूळ चित्र कुठून आलं? नेटवरून घेतलंय का काही?

वेलबुट्टी

त्यातली मागची नक्षी एका मोफत चित्रांच्या साइटवरून घेतली, तिथेच ऑनलाइन एडिटरमध्ये नाव आणि चिन्ह टाकून डाउनलोड केलं. डाउनलोड झाल्यावर शेवटी काहीतरी वेगळंच एक्स्टेन्शन होतं म्हणून मी नाव बदलून पीएनजी केलं.

अर्धविराम

ते वेगळं म्हणजे वेबपी, चित्राचा एक नवा प्रकार, होतं ना? नाव बदलल्याने फाइल बदलत नाही, आत वेबपीच आहे. ब्राउझर, जीमेल, थंडरबर्ड हे आत काय आहे ते बघून दाखवतात, म्हणून कुठेच अडलं नाही. जुन्या आउटलूकला वेबपी कळतच नाही.

खात्री करायची असेल तर ती फाइल नोटपॅडमध्ये उघडा. सगळा कचरा दिसेल पण अगदी सुरुवातीला बघा. खरी पीएनजी असेल तर पहिल्याच ओळीत पीएनजी ही तीन इंग्रजी अक्षरं दिसतात. वेबपी असेल तर आरआयएफएफ आणि थोडं पुढे डब्ल्यूईबीपी. बघून झालं की सेव्ह न करता बंद करा, नोटपॅडमध्ये सेव्ह केलीत तर चित्र कायमचं खराब.

मग पेंटमध्ये उघडायची आणि सेव्ह ॲजमधून पीएनजी निवडायची, तेव्हा खरं रूपांतर होतं. टेम्प्लेटमधला जुना पट्टा काढून नवीन घाला, नुसती डिस्कवरची फाइल बदलून चालणार नाही, टेम्प्लेटमध्ये जुनीच प्रत साठलेली आहे.

जाता जाता, एसव्हीजी या चित्राच्या प्रकाराच्या वाटेला पण जाऊ नका, जीमेल ते दाखवत नाही. मेलसाठी पीएनजी, जेपीजी आणि जीआयएफ, बस.

वेलबुट्टी

आरआयएफएफच निघालं!! पेंटमधून पीएनजी केली, टेम्प्लेटमध्ये बदलली, त्या काकांना परत पाठवलं. त्यांचा लगेच उलट मेल आला, पट्टा दिसतोय म्हणून.

आता एक शेवटचं. लोक उत्तर देतात तेव्हा त्यांच्या उत्तराखाली माझं अख्खं पत्र पट्ट्यासकट येतं, मग मी त्याला उत्तर दिलं की परत. चार उत्तरांनंतर मेल केवढा मोठा होतो. त्याला काही आहे का?

टपालपेटी

उत्तर देताना टेम्प्लेट वापरू नका, ते फक्त महिन्याच्या पत्राला. आणि कोट झालेला भाग नको असेल तर अकाउंट सेटिंग्जमध्ये 'कंपोझिशन अँड ॲड्रेसिंग' आहे, तिथे 'ऑटोमॅटिकली कोट द ओरिजिनल मेसेज' ची टिक काढा. मग तुमच्या उत्तरात फक्त तुमचं लिहिलेलं जाईल. बाकीच्यांच्या मशीनवर काय होतं ते आपल्या हातात नाही, पण दोन्ही चित्रं मिळून शंभर-दीडशे केबीच्या आत ठेवलीत तर चार वेळा आलं तरी कोणाला जड जाणार नाही. पट्ट्याची रुंदी किती ठेवलीय?

वेलबुट्टी

2400 पिक्सेल. जास्त आहे का?

टपालपेटी

बरीच. 600 ला बसणारं चित्र करा, फार तर दुप्पट म्हणजे 1200 चं करून टॅगमध्ये विड्थ 600 लिहा, म्हणजे चांगल्या स्क्रीनवरही ते धूसर दिसत नाही. विड्थ टॅगमध्येच आकड्याने लिहा, नुसती स्टाइलमध्ये दिलीत तर आउटलूक ती न जुमानता चित्र मूळ आकारात दाखवतं आणि त्या काकांना पत्र वाचायला आडवं सरकवत बसावं लागेल.

वेलबुट्टी

अच्छा, म्हणूनच ते म्हणत होते की पट्टा दिसला पण गटाचं नाव स्क्रीनच्या बाहेर जातंय! करते आजच.